पंख्याची पारख

जूनची पहिली तारीख उजाडली, यांत्रिक मासेमारीवरील दोन महिन्यांची सरकारी बंदी अंमलात आली, आणि कोकणच्या बंदराबंदरांतून दहा महिने समुद्राशी झगडलेल्या नौका पुळणीवर ओढून, ओंडक्यांवर टेकवून, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवल्या गेल्या, म्हणजे एरवी पाण्याखाली दडलेला त्यांचा एक अवयव सर्वांच्या दृष्टीस पडतो. सुकाणूच्या लगत पुढे, शाफ्टच्या टोकाशी बसवलेला हा तीन किंवा चार पात्यांचा पंखा त्या दिवसांत मोठा उदासवाणा दिसतो: पात्यांवर हिरवट थर चढलेला असतो, कडा वाळूने झिजलेल्या असतात, एखादे टोक कोठल्याशा खडकावर आपटून किंचित वाकलेले असते. नाखवा रंगाची तजवीज करतो, नाळेवर देवाचे नाव नव्याने रंगवून घेतो, इंजिन उघडून त्याची कसून तपासणी करवतो. पंख्यावर मात्र खरवडणीचे चार हात फिरवले की त्याची सेवा संपली, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे.

ही वहिवाट बदलावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. नौका पूर्वीसारखी धावत नाही, डिझेल फार खाते, भरलेल्या मालानिशी भरतीच्या ओढीसमोर तिचा जीव घाबरा होतो, अशा तक्रारी पुष्कळदा इंजिनाच्या नावे नोंदल्या जातात, आणि त्यांवर उपाय म्हणून अधिक अश्वशक्तीचे नवे इंजिन कर्ज काढून घेतले जाते. इंजिन शक्ती निर्माण करते हे निर्विवाद. परंतु ती शक्ती पाण्याच्या हवाली करणारा एकमेव मुखत्यार पंखा हाच असतो, आणि मुखत्यार अयोग्य नेमला गेला तर धनी कितीही संपन्न असला तरी त्याचा व्यवहार तोट्यात जावा, तशी मोठ्या इंजिनाचीही शक्ती चुकीच्या पंख्यापाशी धूर, उष्णता आणि फेस यांच्या रूपाने वाया जाते. म्हणून नवे इंजिन घेण्यापूर्वी असलेल्या पंख्याची पारख करावी, हे शहाणपणाचे आणि कमी खर्चाचे आहे.

पंख्याच्या आकाराला केवढे महत्त्व आहे, याचा पहिला धडा मनुष्याला एका अपघाताने मिळाला. पाणी उपसण्याचे साधन म्हणून मळसूत्र आर्किमिडीजच्या नावाने प्राचीन काळापासून परिचित होते. त्याच मळसूत्राने नौका पुढे ढकलता येईल, या कल्पनेचे पेटंट १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने घेतले, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्यानेही आपल्या निराळ्या रचनेसाठी तसेच पेटंट मिळवले. स्मिथची छोटी नौका लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात फिरत असे, आणि तिचा लाकडी पंखा दोन पूर्ण वेढ्यांच्या लांबलचक मळसूत्रासारखा होता. १८३७ साली एके दिवशी हे मळसूत्र पाण्यातील कशावर तरी आदळले, त्याचा अर्धा भाग तुटून गेला, आणि आता नौका थांबणार असे वाटत असतानाच ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने धावू लागली. जे लाकूड बळ देत आहे असे वाटत होते, ते वस्तुतः पाण्याशी व्यर्थ घर्षण करीत होते. पुढे ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि दोन्ही बाजूंस वल्हेचाकांची ‘अलेक्टो’ या नौकांच्या पिछाड्या एकमेकींना बांधून त्यांची रस्सीखेच लावली, तेव्हा ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला तिची चाके उलट दिशेने फिरत असतानाही अडीच नॉटच्या आसपासच्या वेगाने ओढत नेले, आणि पंख्याच्या बाजूने लोकमताचा निवाडा झाला.

आता आपल्या पुळणीवरील पंख्याकडे वळू. त्याच्या मधल्या तुंब्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात, जसे १४ × १९. पहिला आकडा व्यासाचा, म्हणजे पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ रेखतात त्याच्या रुंदीचा, इंचांमध्ये. दुसरा आकडा पिचचा, आणि या दुसऱ्या आकड्यातच पंख्याचा स्वभाव साठवलेला असतो. लाकडात स्क्रू पिळताना तो एका फेऱ्यात आपल्या आट्यांमधील अंतराइतका आत जातो. त्याचप्रमाणे पाणी लाकडासारखे घट्ट असते तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता, ते अंतर म्हणजे त्याचे पिच. पाते जितके अधिक तिरके, तितके पिच अधिक. व्यासावरून पंखा किती पाणी कवेत घेतो हे कळते, आणि पिचवरून तो ते पाणी किती लांबच्या टापेने मागे सारू पाहतो हे कळते.

परंतु पाणी लाकूड नव्हे. ते पात्यांखालून निसटते, आणि पंखा हिशेबाप्रमाणे पुढे न जाता थोडा मागे राहतो. या तफावतीला यंत्रज्ञ ‘स्लिप’ म्हणतात. आपण तिला घसर म्हणू. ती मोजणे कठीण नाही. समजा, एका जलद होडीचे आउटबोर्ड इंजिन मिनिटाला ५५०० फेरे करते, आणि त्याच्या गिअरचे प्रमाण दोनास एक आहे. म्हणजे पंखा मिनिटाला २७५० फेरे करतो. पिच १७ इंच असेल, तर पंख्याने मिनिटाला ४६,७५० इंच, म्हणजे सुमारे ११८७ मीटर अंतर कापावयास हवे, आणि तासाचा हिशेब सुमारे ७१ किलोमीटर, म्हणजे साडेअडतीस नॉट, होतो. जीपीएसवर प्रत्यक्ष वेग ३३ नॉट भरला, तर घसर सुमारे १४ टक्के झाली. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होडीला दहा ते वीस टक्क्यांची घसर स्वाभाविक आहे. जड, मालाने भरलेल्या मच्छीमार नौकेला ती तीस-चाळीस टक्क्यांपर्यंतही असू शकते. घसर हा सर्वस्वी दोष आहे असेही समजू नये, कारण धक्क्याला दोरखंडाने बांधलेल्या नौकेचा पंखा फिरू लागला तर त्याची घसर शंभर टक्के असते, आणि तरीही दोरावर येणारा ताण त्याच क्षणी सर्वांत मोठा असतो. पाण्याला मागे ढकलल्यावाचून पुढे जाणे नाही, आणि ढकललेले पाणी सरकल्यावाचून राहत नाही. दोष आहे तो अकारण वाढलेल्या घसरीत: वाकलेल्या पात्याच्या, शेवाळलेल्या तळाच्या आणि चुकीच्या पिचच्या घसरीत.

पिच योग्य आहे किंवा नाही, याचा दाखला देणारे साधन प्रत्येक नौकेवर असावयास हवे, आणि पुष्कळ नौकांवर ते बंद पडलेले असते. ते म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारे मीटर. इंजिनाच्या निर्मात्याने पूर्ण रेस दिल्यावर फेरे कोठून कोठवर असावेत, याची मर्यादा छापील पुस्तिकेत दिलेली असते. एखाद्या आउटबोर्डसाठी ती ५००० ते ६००० असेल, तर डिझेल इंजिनासाठी एकच ठराविक आकडा असेल. नेहमीची माणसे, नेहमीचे इंधन, नेहमीचा बर्फ आणि जाळी चढवून, शांत पाण्यात पूर्ण रेस द्यावी आणि मीटर पाहावे. फेरे मर्यादेपर्यंत पोहोचतच नसतील, तर पिच अधिक आहे, आणि त्या इंजिनाची अवस्था खंडाळ्याचा घाट वरच्या गिअरमध्ये चढू पाहणाऱ्या मोटारीसारखी झाली आहे: ते गुदमरते, डिझेल असल्यास काळा धूर ओकते, तापते, आणि अशा रीतीने रोज राबवले तर त्याचे आयुर्मान घटते. उलट फेरे मर्यादेच्या पलीकडे जात असतील, तर पिच कमी आहे; सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये पळवलेल्या गाडीसारखा आवाज मोठा आणि मजल थोडी. पिच एक इंचाने कमी केले तर फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी वाढतात आणि वाढवले तर तितकेच घटतात, हा आउटबोर्डवाल्यांचा व्यवहारातला ठोकताळा लक्षात ठेवला, तर दोन पंखे विकत घेऊन पश्चात्ताप करण्याची पाळी सहसा येत नाही.

ही चाचणी भरलेल्या नौकेची असावी, यावर माझा विशेष भर आहे, कारण रिकाम्या नौकेवर निवडलेला पंखा जाळी चढताच अवजड ठरतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, आपली नौका कोणत्या जातीची आहे. पर्यटकांना घेऊन धावणारी हलकी, सपाट तळाची होडी पुरेसे बळ मिळताच पाण्यावर उचलली जाते, आणि मग तिला अधिक पिचचा उपयोग होतो. परंतु आपल्या किनाऱ्यावरील बहुसंख्य मच्छीमार नौका पाणी कापत, त्यात पोट बुडवून जाणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या वेगाला निसर्गानेच एक मर्यादा घालून दिली आहे: पाणरेषेवरील लांबी फुटांत घेऊन, तिचे वर्गमूळ काढून, त्याला १.३४ ने गुणले असता जो आकडा येतो तितक्या नॉटच्या पलीकडे अशी नौका फारशी जाऊ शकत नाही. छत्तीस फुटांच्या पाणरेषेला हा आकडा सुमारे आठ नॉट येतो. त्या सीमेपाशी नौका स्वतःच उठवलेल्या लाटेचा डोंगर चढत असते, आणि तिथे ओतलेले प्रत्येक लिटर डिझेल लाटा उंचावण्यात जाते. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून फेरे दहा टक्क्यांनी उतरवले तर शक्तीची मागणी सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. घरी परतताना रेसवरचा हात थोडा सैल करणे, हा या जातीच्या नौकेचा सर्वांत स्वस्त सुधार आहे.

अशा नौकेसाठी पंखा मोठा असावा आणि सावकाश फिरावा, हे तत्त्व दीर्घ अनुभवाने सिद्ध झाले आहे. थोड्या पाण्याला जोराचा झटका देण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला सौम्य रेटा देणे अधिक किफायतीचे असते. म्हणून तळाखाली जागा असेल तितका व्यास घ्यावा, त्याला साजेसा फेरे कमी करणारा गिअर असावा, आणि पात्याचे टोक व नौकेचा तळ यांमध्ये व्यासाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के इतकी मोकळीक राहील याची खातरजमा करावी, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात टोकाने मारलेला पाण्याचा तडाखा फळ्यांपर्यंत पोहोचून सारी नौका थरथरत राहते.

पात्यांच्या संख्येविषयी लोकांत उगाच वाद असतात. तीन पात्यांचा पंखा हलक्या होडीला वरचा वेग थोडा अधिक देतो. चार पात्यांचा पंखा पाण्यावर घट्ट पकड ठेवतो, ओझ्याखाली लवकर उचल घेतो, थरथर कमी करतो आणि उसळत्या पाण्यात सुटत नाही. ज्याला ज्याची गरज, त्याने ते घ्यावे. धातूचीही निवड अशीच कामाप्रमाणे करावी. ॲल्युमिनियम स्वस्त असते आणि खडकावर आपटले तर स्वतः वाकून पुष्कळदा गिअरला वाचवते. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ ठेवता येतात, दाबाखाली आकार सोडत नाहीत, आणि म्हणून वेगात सरस ठरतात, मात्र त्यांचा आघात पुढे यंत्रणेत शिरण्याचे भय असते. मोठ्या नौकांचे पंखे तांब्याच्या मिश्रधातूंचे असतात, आणि त्यांतील ज्या मिश्रणात जस्त असते त्याला खाऱ्या पाण्यात हळूहळू जस्त गमावण्याचा रोग जडतो. पात्याचा सोनेरी रंग जाऊन तेथे गुलाबी छटा दिसू लागली, तर तो धातू आतून ठिसूळ झाला आहे असे समजावे. काही पंख्यांच्या मागच्या कडेला नखाएवढी वळलेली किनार असते. तिला ‘कप’ म्हणतात, आणि ती पाणी निसटण्याच्या क्षणी त्याला धरून ठेवते. कारागिराने दुरुस्ती करताना ही किनार कानसून सपाट केली, तर तुंब्यावरचा आकडा तोच राहतो आणि पंख्याचा स्वभाव मात्र बदलतो. म्हणून दुरुस्तीला देताना ही बाब आवर्जून सांगावी.

पंख्याचा सर्वांत सूक्ष्म शत्रू कोणता, हे चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ने जगाला शिकवले. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिली नौका १८९४ साली पाण्यात उतरली तेव्हा तिच्या यंत्रात अफाट बळ असूनही ती वीस नॉटांपर्यंतसुद्धा पोहोचेना. पार्सन्स यांनी गरम पाण्याच्या कुंडात पंख्याची प्रतिकृती फिरवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला: अतिवेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका घटत होता की ते पाणी तेथेच उकळून त्याचे बुडबुडे होत होते, आणि पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांच्या पोकळीत फिरत होता. एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे, असे बळ वाटून दिल्यावर तीच नौका चौतीस नॉटांवर गेली, आणि १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात तिने उपस्थितांना थक्क करून सोडले. पात्यावर पाणी असे उकळून बुडबुडे होण्याच्या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. हे बुडबुडे फुटताना धातूचे कण उपटतात; पात्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसले, तर पंख्यावर त्याच्या ताकदीबाहेरचा भार पडत आहे, किंवा त्याची कड बिघडली आहे, असे निदान करावे. याहून निराळा विकार म्हणजे पृष्ठभागावरील हवा ओढली जाणे; वळण घेताना इंजिन अकस्मात किंचाळते आणि होडी मंदावते, ते या हवेमुळे. पहिल्यावर उपाय म्हणजे पात्यांचे पुरेसे क्षेत्रफळ आणि निर्दोष कडा. दुसऱ्यावर उपाय म्हणजे इंजिनाची योग्य उंची आणि कप असलेला पंखा.

जोडसाधनांचा विचार येथूनच सुरू होतो. आउटबोर्डच्या पंख्यावर जी आडवी पट्टी असते, ती सामान्यतः होडीच्या तळाच्या पातळीत असावी. इंजिन फार खाली बसवले तर ते पाण्यात उगाच ओढले जाते, फार वर बसवले तर हवा गिळते, आणि एखाद-दोन इंचांच्या फरकाने वेग व पकड यांत प्रत्यक्ष फरक पडतो. पिछाडीस भार अधिक असून नाळ आकाशाकडे उंचावत असेल, तर तळाच्या मागच्या कडेला बसणाऱ्या दोन हलत्या पट्ट्या, म्हणजे ट्रिम टॅब, नौकेला समतोल करतात. परंतु त्यापूर्वी इंधनाचे पिंप आणि बर्फाची पेटी पुढे सरकवून पाहावी, कारण त्याला एक पैसाही लागत नाही. कमी वेगाने जड जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरसाठी पंख्याभोवती बसणारे कडे, जे जर्मन अभियंता लुडविग कोर्ट यांच्या नावाने ओळखले जाते, खरोखर गुणकारी असते आणि ओढ लक्षणीय वाढवते. तेच कडे जलद होडीला केवळ अडथळा ठरेल. आपल्या समुद्रात तुटलेली नायलॉनची जाळी आणि दोर इतके तरंगतात की शाफ्टवर बसणारे दोरकापे धारदार कडे ही चैन राहिलेली नाही; भर समुद्रात पंख्याला जाळे गुंडाळले जाऊन खलाशाला पात्यांपाशी उडी घ्यावी लागणे, यासारखे संकट नाही. जस्ताचा तुकडा, जो स्वतः झिजून पंख्याचा व शाफ्टचा क्षय थांबवतो, दरवर्षी बदलावा, आणि त्यावर चुकूनही रंग लावू नये, कारण रंगवलेले जस्त निकामी होते. लहान आउटबोर्डच्या तुंब्यातील रबर किंवा मऊ धातूची पिन आघात आपल्यावर घेऊन गिअर वाचवते. तिचा सुटा संच, एक पाना आणि शक्य तर एक जुना पंखा होडीत नेहमी असावा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मालवण-तारकर्लीकडे पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढली आहे, आणि पंखा जितका सुधारलेला तितका तो अधिक धारदार असतो. माणूस पाण्यातून होडीत चढत असताना केवळ गिअर काढून इंजिन चालू ठेवण्याची सवय घातक आहे. इंजिन संपूर्ण बंद करावे, आणि चालकाच्या मनगटाला बांधलेला इंजिन बंद पाडणारा दोर ही शोभेची वस्तू समजू नये. वेगाची कोणतीही सुधारणा या सावधगिरीच्या आधी येत नाही.

हे सर्व वाचून एखाद्याने पाच-सहा साधने एकदम विकत आणली, तर हा लेख निष्फळ झाला असे मी समजेन, कारण एकाच वेळी पाच फेरफार केले तर कोणत्याने गुण आला आणि कोणत्याने दोष, हे कळण्यास मार्ग उरत नाही. क्रम असा असावा: आधी तळ खरवडून स्वच्छ करावा, कारण शेवाळ आणि शंख-कालवांचा थर हा सर्वांत मोठा चोर आहे, मग पात्यांच्या कडा, शाफ्टची रेषा आणि इंजिनाचे आरोग्य तपासावे, मग नेहमीच्या भारानिशी समुद्रात जाऊन पूर्ण रेसचे फेरे, वेग आणि इंधनाचा खप वहीत तारखेनिशी नोंदवावा, आणि प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी तीच मजल उलट दिशेने करून दोहोंची सरासरी घ्यावी. त्यानंतरच पंखा बदलावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार पानांची ही वही विक्रेत्यापुढे ठेवली, तर त्यालाही अंदाजाने बोलण्याची मुभा राहत नाही.

ऑगस्टमध्ये बंदी उठते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, आणि ओंडक्यांवरून घसरत नौका पाण्यात उतरताना पंखा पुन्हा दहा महिन्यांसाठी दृष्टिआड जातो. त्यापूर्वी झावळ्यांखाली वाकून, त्याच्या तुंब्यावरचे दोन आकडे वाचून, प्रत्येक पात्यावरून बोट फिरवून, जो नाखवा ते आकडे आपल्या वहीच्या पहिल्या ओळीत उतरवून घेईल, त्याच्या हाती पुढच्या मोसमाचा निम्मा हिशेब किनाऱ्यावरच आलेला असेल.